स्पेनमधला अंधार: विजेचं ग्रिड कधी कोसळेल, याचा अंदाज इतका कठीण का असतो?

२८ एप्रिल २०२५, सोमवार. स्पेनमध्ये लख्ख ऊन पडलं होतं, हवा सुखद होती आणि विजेची मागणीही फार नव्हती. ना वादळ होतं, ना भूकंप. कुठलं मोठं वीजकेंद्र जळाल्याचीही बातमी नव्हती. तरीही दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांच्या मुख्य भूमीवरची वीज गेली.

मेट्रो बोगद्यात थांबल्या, सिग्नल बंद पडले, मोबाईलचं नेटवर्क गेलं. रुळांवर अडकलेल्या रेल्वेगाड्यांमधून सुमारे ३५ हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. वीज पूर्णपणे परत यायला दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडली.

काही तासांतच सोशल मीडियावर कारणांचा पूर आला. कुणी सायबर हल्ला म्हणालं, कुणी 'दुर्मीळ वातावरणीय घटना', तर कुणी सगळं खापर सौरऊर्जेवर फोडलं. सरकारी चौकशीत सायबर हल्ल्याची शक्यता फेटाळली गेली. पण चौकशीतून पुढे आलेलं चित्र अफवांपेक्षा जास्त अस्वस्थ करणारं होतं. त्या दिवशी कुठलाही मोठा आघात झालाच नव्हता. छोट्या छोट्या गोष्टी एकापाठोपाठ एक घडत गेल्या आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दोन देश अंधारात गेले.

मग जगातल्या सर्वांत काटेकोरपणे मोजल्या जाणाऱ्या यंत्रणांपैकी एक असलेल्या युरोपच्या ग्रिडला हे आधी कळलं कसं नाही? या प्रश्नाचं उत्तर भारतासाठी, आणि शेतात सौर प्रकल्प उभारत असलेल्या महाराष्ट्रासाठीही महत्त्वाचं आहे.

त्या दिवशी नेमकं काय घडलं?

१२ वाजून ३ मिनिटांनी स्पेनच्या ग्रिडमध्ये हेलकावे सुरू झाले. व्होल्टेज आणि वीजप्रवाह ठरावीक लयीत वर-खाली होऊ लागले. साधारण पावणेदोन सेकंदांत एक हेलकावा पूर्ण होत होता. १२ वाजून १९ मिनिटांनी दुसरे, जास्त संथ हेलकावे आले. त्यांत पाच सेकंदांना एक हेलकावा होता.

नियंत्रण कक्षातल्या अभियंत्यांनी नेहमीचे उपाय केले. जास्तीच्या वाहिन्या जोडल्या, फ्रान्सकडे जाणारी वीज कमी केली. हेलकावे शांत झाले. पण या उपायांचा दुसरा परिणाम असा झाला की ग्रिडमधलं व्होल्टेज वाढू लागलं.

व्होल्टेज म्हणजे इमारतीच्या नळांमधला पाण्याचा दाब समजा. सगळे नळ सुरू असतात तेव्हा दाब कमी होतो. रात्री सगळे नळ बंद असले की पाइपमध्ये दाब वाढतो. उच्चदाब वाहिन्यांचंही काहीसं तसंच आहे. त्यांच्यातून कमी वीज वाहत असेल, तर त्या स्वतःच व्होल्टेज वर ढकलतात. त्या दुपारी मागणी बेताची होती, निर्यात कमी केली होती आणि जास्तीच्या वाहिन्या जोडलेल्या होत्या. म्हणजे पाइप जास्त आणि उघडे नळ कमी.

वाढलेलं व्होल्टेज खाली ओढण्याचं काम काही मोठ्या वीजकेंद्रांकडे असतं. सरकारी अहवालानुसार त्या दिवसासाठी अशी दहा केंद्रं ठरली होती. त्यांपैकी एक आदल्या दिवशीच उपलब्ध नसल्याचं कळलं आणि त्याच्या जागी दुसरं घेतलं गेलं नाही. उरलेल्या केंद्रांनीही व्होल्टेज जितकं ओढायला हवं होतं, तितकं ओढलं नाही, असं अहवाल म्हणतो. वीज कंपन्यांना हे मान्य नाही. चूक नियोजनात होती, असं त्यांचं म्हणणं आहे. ग्रिड चालवणारी संस्था आणि कंपन्या यांच्यातला हा वाद अजून मिटलेला नाही.

उपाय अपाय कसा ठरला?

१२ वाजून ३२ मिनिटांनंतर ग्रॅनडा भागातला एक ट्रान्सफॉर्मर वाढलेल्या व्होल्टेजमुळे ग्रिडपासून तुटला. त्याच्यामागून वीज पुरवणारे प्रकल्पही गेले. मग बादाहोस आणि सेव्हिया भागांतले प्रकल्प तुटले. हे प्रकल्प स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला झाले होते, घरातला एमसीबी पडतो तसे. काही तर ठरलेली मर्यादा गाठण्याआधीच तुटले.

इथून पुढे साखळी सुरू झाली. प्रकल्प तुटल्यामुळे वाहिन्यांमधून वाहणारी वीज आणखी कमी झाली आणि व्होल्टेज आणखी वाढलं. व्होल्टेज वाढल्यामुळे आणखी प्रकल्प तुटले. निर्मिती कमी पडल्यामुळे फ्रिक्वेन्सी घसरली. फ्रिक्वेन्सी घसरली की ग्रिड वाचवण्यासाठी ग्राहकांचा काही भार आपोआप तोडला जातो. ती यंत्रणा चोख चालली. पण भार तुटल्यावर वाहिन्या आणखी हलक्या झाल्या आणि व्होल्टेज आणखी वर गेलं.

एका संकटासाठी तयार ठेवलेल्या उपायानं दुसऱ्या संकटात तेल ओतलं. फ्रान्सशी असलेली जोडणी तुटली आणि काही सेकंदांत सगळं संपलं. सरकारच्या सांगण्यानुसार पाच सेकंदांत १५ हजार मेगावॉट, म्हणजे त्या वेळच्या मागणीच्या सुमारे ६० टक्के वीज नाहीशी झाली. वाढत्या व्होल्टेजच्या साखळीमुळे युरोपात असा ब्लॅकआउट होण्याची ही पहिलीच वेळ असल्याचं युरोपीय ग्रिड चालकांच्या संघटनेनं म्हटलं आहे.

'नॉनलिनियर' म्हणजे काय?

घरातल्या तराजूत एक किलो ठेवलं की काटा एका घरावर जातो, दोन किलो ठेवलं की दोन घरांवर. जितकं जास्त द्याल, तितक्याच प्रमाणात परिणाम वाढतो. अभियंते अशा व्यवस्थेला 'लिनियर' म्हणतात. तिचा अंदाज बांधणं सोपं असतं, कारण छोटा प्रयोग करून मोठ्याचं उत्तर काढता येतं.

ग्रिड असं वागत नाही. ते नॉनलिनियर आहे, म्हणजे प्रमाणात वागणारं नाही. यामागे मुख्यतः तीन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे परिणाम त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून असतो. मुंबईत दुपारी तीन वाजता एखादी लोकल पाच मिनिटं थांबली, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. सकाळी नऊ वाजता तीच लोकल तेवढीच थांबली, तर मागच्या दहा गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं. धक्का एकच असला तरी परिणाम वेगळा होतो.

दुसरं कारण म्हणजे उंबरठे. ग्रिडमध्ये हजारो संरक्षक रिले असतात. मर्यादेच्या अलीकडे ते काहीच करत नाहीत आणि मर्यादा ओलांडताच वाहिनी किंवा प्रकल्प थेट तोडतात. अधलंमधलं काही नसतं. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं, तेव्हा बीना-ग्वाल्हेर वाहिनीत कुठलाही बिघाड झाला नव्हता. तिच्यावर भार इतका होता की रिलेला तो भारच बिघाड वाटला आणि त्यानं वाहिनी तोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागात अंधार पसरला. पश्चिमेचं ग्रिड बचावलं, म्हणून महाराष्ट्रात दिवे सुरू राहिले.

तिसरं कारण म्हणजे परिणामच पुन्हा कारण होतो. स्पेनमध्ये व्होल्टेज वाढल्यामुळे प्रकल्प तुटले आणि प्रकल्प तुटल्यामुळे व्होल्टेज वाढलं. असं चक्र सुरू झालं की सुरुवातीचा धक्का किती छोटा होता, याला महत्त्व उरत नाही.

नऊ मिनिटांत भारतीय ग्रिड का कोसळलं नाही?

याच्या अगदी उलट उदाहरण भारतात घडलं आहे आणि ते बहुतेकांच्या आठवणीत असेल. ५ एप्रिल २०२०, लॉकडाऊनचा काळ. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करण्याचं आवाहन पंतप्रधानांनी केलं होतं. देशभर एकाच क्षणी भार कमी झाला आणि नऊ मिनिटांनी एकदम परत आला, तर ग्रिड सांभाळता येईल का, अशी चिंता महाराष्ट्राचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी जाहीरपणे व्यक्त केली होती.

राष्ट्रीय ग्रिड चालवणाऱ्या 'पोसोको'नं अंदाज बांधला की घरगुती दिवे बंद झाल्यानं मागणी १२ ते १३ हजार मेगावॉटनं घटेल. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटनं घटली. म्हणजे अंदाज दुपटीहून जास्त चुकला. फक्त दिवे बंद करा, इतर उपकरणं सुरू ठेवा, असं सरकारनं सांगितलं होतं, पण लोकांनी त्याहून बरंच जास्त बंद केलं.

तरीही ग्रिड टिकलं. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ या पट्ट्यात राहिली. यामागे तयारी होती. संध्याकाळी जलविद्युत निर्मिती आधी कमी ठेवून पाणी राखलं गेलं आणि नऊच्या आधी ती वाढवली. मग दिवे बंद होताच जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत १७ हजार मेगावॉटहून अधिक निर्मिती खाली आणली आणि नंतर पुन्हा वर नेली. कोळशाच्या संचांना इतक्या वेगानं असं करता येत नाही. पाण्यावरच्या संचांना येतं. राज्यातला १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प याच प्रकारचा आहे.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की मुद्दा स्पष्ट होतो. भारतात धक्का प्रचंड होता आणि त्याचा अंदाजही चुकला, पण ग्रिड कड्यापासून लांब उभं होतं. स्पेनमध्ये सुरुवातीचा धक्का किरकोळ होता, पण ग्रिड कड्याच्या जवळ सरकलं होतं आणि कडा किती जवळ आला आहे, याची कुणाला नीट कल्पना नव्हती. म्हणून अशा व्यवस्थेबाबत 'धक्का किती मोठा असेल' एवढंच विचारून भागत नाही. 'आपण आत्ता कड्यापासून किती दूर आहोत' हे त्याहून महत्त्वाचं असतं.

मग अंदाज बांधतात तरी कसा?

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे वळणाचा छोटा तुकडा सरळ मानणं. घाटातला रस्ता वळणावळणाचा असला, तरी समोरचे दहा फूट सरळ धरून गाडी हाकता येते. ग्रिडच्या आजच्या स्थितीच्या आसपास लहानसा बदल झाला तर काय होईल, हे या पद्धतीनं झटपट काढता येतं. पण वळण आलं की हा हिशेब फसतो.

दुसरी पद्धत म्हणजे 'समजा हे गेलं तर' असं विचारणं. एखादी मोठी वाहिनी, एखादा संच किंवा एखादा ट्रान्सफॉर्मर बंद पडला असं धरून संगणकावर हिशेब केला जातो आणि उरलेलं ग्रिड तग धरतं का, ते तपासलं जातं. कुठलीही एक गोष्ट गेली तरी ग्रिड टिकलं पाहिजे, हा जगभरातला नियम आहे. अडचण अशी की स्पेनमध्ये एक गोष्ट गेली नव्हती. अनेक छोट्या गोष्टी एकाच वेळी सीमेजवळ होत्या.

तिसरी पद्धत म्हणजे ग्रिडची संगणकीय प्रतिकृती चालवणं. प्रत्येक जनित्र, वाहिनी आणि रिले कसा वागतो, याची समीकरणं मांडून सेकंदाच्या छोट्या छोट्या भागांत पुढे पुढे हिशेब केला जातो. नॉनलिनियर व्यवस्थेसाठी ही पद्धत सर्वांत भरवशाची मानली जाते. पण प्रत्येक शक्य परिस्थितीसाठी ती चालवणं शक्य नसतं. कुठल्या परिस्थिती तपासायच्या, हे आधी माणसालाच ठरवावं लागतं.

याशिवाय मोजमापाचा वेगही महत्त्वाचा असतो. जुन्या यंत्रणा काही सेकंदांनी एकदा आकडे पाठवतात. दोन सेकंदांच्या आत पूर्ण होणारा हेलकावा त्यांना नीट दिसतच नाही. सेकंदाला २५ किंवा त्याहून जास्त वेळा मोजणारी नवी उपकरणं हे हेलकावे पकडतात. भारतातही ती ठिकठिकाणी बसवली गेली आहेत.

कागदावरचं मॉडेल आणि खरं यंत्र

प्रतिकृती कितीही चांगली असली, तरी ती खऱ्या यंत्रासारखी वागली पाहिजे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमध्ये एका वाहिनीवर वीज पडली. ही नेहमीची गोष्ट. वाहिनी काही सेकंदांत पूर्ववतही झाली. पण समुद्रातला हॉर्नसी हा पवनऊर्जा प्रकल्प त्या क्षणी अपेक्षेपेक्षा वेगळा वागला आणि त्याची ७०० मेगावॉटहून अधिक निर्मिती तुटली. त्याच वेळी एक गॅस केंद्रही बंद पडलं. शेवटी सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज तोडावी लागली. पवन प्रकल्पाच्या नियंत्रण प्रणालीत दोष होता आणि तो सॉफ्टवेअर बदलून लगेच दुरुस्त करण्यात आला.

जुन्या कोळसा किंवा जलविद्युत केंद्रात अनेक टनांचं फिरतं यंत्र असतं. त्याचं वागणं भौतिकशास्त्राच्या नियमांनी ठरतं. सौर आणि आधुनिक पवन प्रकल्प इन्व्हर्टरमार्फत ग्रिडला जोडलेले असतात आणि इन्व्हर्टरचं वागणं बऱ्याच अंशी त्यातलं सॉफ्टवेअर ठरवतं. एका कंपनीचा इन्व्हर्टर व्होल्टेज वाढल्यावर एक करतो, दुसऱ्या कंपनीचा दुसरं. जागेवर कुणी सेटिंग बदललं आणि ते ग्रिड चालकाला कळवलं नाही, तर मॉडेल एक सांगतं आणि यंत्र दुसरंच करतं.

भारतातही याची चुणूक दिसली आहे. राजस्थानच्या सौरऊर्जा पट्ट्यात २०२२ पासून व्होल्टेजमधले चढउतार आणि एकाच वेळी हजार मेगावॉटहून अधिक निर्मिती तुटल्याच्या अनेक घटनांची नोंद झाली आहे. ग्रिड मोठं असल्यानं ते सावरलं.

एआय हे काम करू शकेल का?

काही प्रमाणात, हो. उद्या मागणी किती असेल, दुपारी ढग आल्यावर सौर निर्मिती किती घटेल, असे अंदाज एआय चांगले बांधतं, कारण त्यासाठी रोजचे भरपूर आकडे उपलब्ध असतात. कोसळण्याचं तसं नाही. ग्रिड क्वचितच कोसळतं आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं कोसळतं. जे कधी घडलंच नाही, ते जुन्या आकड्यांतून शिकणं अवघड असतं. त्यामुळे एआय वेगानं चाळणी लावू शकतं, कुठल्या परिस्थिती बारकाईनं तपासाव्यात हे सुचवू शकतं. समीकरणांवर आधारलेली तपासणी मात्र टाळता येत नाही.

म्हणजे दोष सौरऊर्जेचा?

त्या दुपारी स्पेनमधली निम्म्याहून जास्त वीज सौर प्रकल्पांतून येत होती, हे खरं आहे. पण तिथल्या तेव्हाच्या नियमांनुसार या प्रकल्पांनी व्होल्टेज सांभाळण्यात सक्रिय भाग घ्यावा, अशी अपेक्षाच नव्हती. त्यांचे इन्व्हर्टर ते काम तांत्रिकदृष्ट्या करू शकतात. ब्लॅकआउटनंतर तिथले नियम बदलण्यात आले. ज्या पारंपरिक केंद्रांवर ही जबाबदारी होती, तीही पुरी पडली नाहीत.

थोडक्यात, वीज कशापासून तयार होते यापेक्षा व्होल्टेज कोण सांभाळणार हे ठरलेलं आहे का, हा प्रश्न मोठा होता. बॅटरी, ग्रिडला आधार देणारे नव्या प्रकारचे इन्व्हर्टर आणि वीज न बनवता फक्त व्होल्टेज सावरणारी फिरती यंत्रं हे उपाय उपलब्ध आहेत. त्यांना पैसे लागतात आणि ते सौर पॅनलच्या आधी किंवा बरोबर यावे लागतात.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर पोहोचला. २०३० पर्यंत ही क्षमता ५ लाख मेगावॉटवर नेण्याचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० अंतर्गत १६ हजार मेगावॉटच्या विकेंद्रित प्रकल्पांचं उद्दिष्ट ठेवण्यात आलं आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पंप सुरू करायला जावं लागू नये, दिवसा वीज मिळावी, हा त्याचा हेतू आहे आणि ती गरज खरी आहे.

पण यामुळे ग्रिडचं चित्रही बदलतं. कृषिपंपांचा भार रात्रीऐवजी दुपारी येईल. पावसाळ्यात पंप बंद आणि ऊन पडलेलं असेल, तेव्हा गावातल्या उपकेंद्रातून वीज उलटी वरच्या वाहिनीकडे जाऊ लागेल. काही मोठ्या केंद्रांऐवजी शेकडो छोट्या प्रकल्पांचं वागणं राज्य भार प्रेषण केंद्राला लक्षात घ्यावं लागेल.

जुनी गृहीतकं नव्या परिस्थितीत कशी दगा देतात, हे मुंबईनं १२ ऑक्टोबर २०२० रोजी पाहिलं आहे. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबईनं आपोआप वेगळं होऊन स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालावं, अशी 'आयलंडिंग'ची व्यवस्था अनेक वर्षं शहराचं संरक्षण करत होती. त्या सकाळी कळवा-पडघा परिसरातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि ही व्यवस्थाही टिकली नाही. शहराची मागणी वर्षानुवर्षं वाढत गेली होती, पण शहरातली निर्मिती त्या प्रमाणात वाढली नव्हती. लोकल थांबल्या, रुग्णालयांना जनरेटरवर जावं लागलं.

सामान्य ग्राहकानं काय विचारावं?

ग्रिड कधी कोसळेल, याची तारीख कुणीच सांगू शकत नाही आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण ते कड्यापासून किती दूर आहे, हे मोजता येतं. त्यासाठी विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. प्रत्येक नव्या प्रकल्पाचं मॉडेल प्रत्यक्ष चाचणीशी ताडून पाहिलं जातं का? व्होल्टेज सांभाळायची जबाबदारी कुणाची आणि ती पार पाडली नाही तर दंड काय? राखीव क्षमता ठेवायचा खर्च कोण देतं? मुंबईची आयलंडिंग व्यवस्था आजच्या मागणीनुसार शेवटची कधी तपासली गेली? ग्रिडमधल्या छोट्या घटनांचे अहवाल लोकांसमोर येतात का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. स्पेनमध्ये दुपारी १२ वाजून ३ मिनिटांचे हेलकावे दिवे न जाता शांत झाले होते. ब्लॅकआउट झाला नसता, तर त्यांच्याकडे कुणी फारसं लक्षही दिलं नसतं. राजस्थानातल्या अशा नोंदींचा आणि उद्या महाराष्ट्रात होणाऱ्या नोंदींचा अभ्यास दिवे सुरू असतानाच व्हायला हवा.